उड्डाण प्रशिक्षण आणि स्कायडायव्हिंग यांमधील हवाईक्षेत्र संघर्ष

एकाच विमानतळावर किंवा त्याच्या परिसरात वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडत असताना त्याच आकाशातून स्कायडायव्हर पॅराशूटसह खाली उतरत असतात, तेव्हा टक्करीचा किंवा धोकादायक जवळिकीचा जो प्रसंग उद्भवतो त्याला उड्डाण प्रशिक्षण आणि स्कायडायव्हिंग यांमधील हवाईक्षेत्र संघर्ष असे म्हणता येईल. नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या विमानतळांवर हा प्रश्न विशेषत्वाने जाणवतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा विमानतळांची संख्या मोठी असून प्रशिक्षण व स्कायडायव्हिंग हे दोन्ही व्यवसाय तेथे मोठ्या प्रमाणावर चालतात. त्यामुळे या विषयावरील नियम, अपघात-तपास आणि चर्चा यांचा बराचसा भाग त्याच देशातील आहे. ब्रिटनमध्येही हा प्रश्न जुना आहे.

प्रत्यक्ष टक्करी विरळ आहेत. निसटत्या प्रसंगांची संख्या मात्र त्यांहून बरीच अधिक असते. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा १९७६ पासून विमान वाहतूक सुरक्षा अहवाल प्रणाली चालवते. वैमानिक व नियंत्रक तीत आपले अनुभव गोपनीयतेच्या हमीवर कळवतात. या प्रणालीने निवडक विषयांवर अहवालांचे जे संच तयार केले आहेत, त्यांत पॅराशूटधारी व विमाने यांच्यातील संघर्षांचा स्वतंत्र संच आहे.

पार्श्वभूमी

स्कायडायव्हिंगसाठी वापरले जाणारे विमान साधारणतः १३,००० ते १४,००० फूट उंचीपर्यंत चढते. लहान केंद्रांवर चार-पाच जणांना नेणारे सेसना १८२ असते, तर मोठ्या केंद्रांवर सेसना कॅरॅव्हॅन, पिलाटस पोर्टर किंवा वीस-बावीस जणांना नेणारे ट्विन ऑटर. विमानातून बाहेर पडल्यानंतर स्कायडायव्हर सुमारे एक मिनिट मुक्तपतनात असतो. पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्याचा वेग ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर असतो. डोके खाली करून पडणाऱ्याचा त्याहून पुष्कळ जास्त. पॅराशूट उघडण्याची उंची अनुभवानुसार बदलते. प्रवाशाला सोबत बांधून घेतलेली जोडउडी ५,००० फुटांच्या आसपास उघडली जाते, तर अनुभवी उडी घेणारे ३,००० फुटांच्याही खाली येऊ शकतात. त्यानंतरचा पॅराशूटखालील प्रवास चार ते सहा मिनिटांचा असतो.

दुसरीकडे, प्रशिक्षण विमानाचा बराचसा वेळ विमानतळाच्या सर्किटमध्ये जातो. धावपट्टीला समांतर, जमिनीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर आयताकृती मार्गाने फिरून उतरायचे, चाके टेकताच पुन्हा शक्ती देऊन उड्डाण करायचे, आणि हे तासाभरात अनेकदा करायचे, असा शिकाऊ वैमानिकाचा क्रम असतो. यालाच टच अँड गो म्हणतात. म्हणजे एक जण वरून खाली येत असतो आणि दुसरा त्याच जागेभोवती घिरट्या घालत असतो. यात कोणाचीही चूक नसताना दोघांचे मार्ग एकमेकांना छेदतात, आणि या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. विशेष म्हणजे स्कायडायव्हरही शेवटच्या हजारेक फुटांत अशाच पद्धतीने उतरतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारी बाजू, आडवी बाजू आणि वाऱ्याविरुद्धची अंतिम बाजू हे टप्पे तो विमानाच्या सर्किटप्रमाणेच पाळतो, आणि त्यांची नावेही तीच असतात. मात्र दोन्ही सर्किटे एकाच बाजूला असतील असे नाही, आणि पॅराशूटला पुन्हा वर जाण्याची सोय नसते.

संघर्षाची कारणे

पहिले कारण दृश्यतेचे आहे. दृश्य उड्डाण नियमांखाली वैमानिकाने स्वतः पाहून टाळावे, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने टक्कर टाळण्याविषयीच्या आपल्या मार्गदर्शक परिपत्रकात, दुसरी वस्तू दिसल्यापासून विमान प्रत्यक्षात वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद लागतात, असा हिशोब दिला आहे. मुक्तपतनातील माणूस सेकंदाला सुमारे ५५ मीटर खाली येतो. म्हणजे या साडेबारा सेकंदांत तो जवळजवळ ६९० मीटर, अर्थात २,२०० फुटांहून अधिक अंतर कापतो. इतक्या अंतरावरून माणसाची आकृती ओळखणे कठीण आहेच, शिवाय ती वरून येत असते. सेसना १७२ सारख्या, पंख वर असलेल्या प्रशिक्षण विमानात नेमकी तीच दिशा पंखाआड लपलेली असते. पंख खाली असलेल्या विमानात वरचे दिसते, पण पॅराशूट उघडून खालच्या थरात उतरणारे लोक पंखाखाली झाकले जातात. पॅराशूट रंगीत व मोठे असल्याने सहज दिसेल असे वाटते; परंतु झाडी, शेते आणि इमारती यांच्या पार्श्वभूमीवर, विशेषतः सूर्य समोर असताना, ते अगदी जवळ येईपर्यंत नजरेत भरत नाही.

दुसरे कारण असे की स्कायडायव्हर उपकरणांना दिसत नाही. आधुनिक प्रशिक्षण विमानांत आसपासच्या वाहतुकीचे पटल असते. त्यावर दिसण्यासाठी समोरच्याकडे ट्रान्सपॉन्डर किंवा स्वतःचे स्थान प्रक्षेपित करणारे यंत्र असावे लागते. उडी मारणाऱ्याकडे असे काही नसते. बहुधा रेडिओही नसतो. पटलावर उडीचे विमान दिसते, पण त्यातून पडलेले वीस लोक दिसत नाहीत. पटलावर विसंबून राहण्याची सवय लागलेल्या नव्या पिढीच्या वैमानिकासाठी ही बाब जास्त धोक्याची आहे, कारण रिकामे पटल पाहून तो आकाशही रिकामे आहे असे गृहीत धरतो.

तिसरे कारण संवादाचे. मनोरा नसलेल्या विमानतळावर सर्व वैमानिक एका सामाईक वारंवारतेवर आपापली स्थिती जाहीर करतात. उडीच्या विमानाचा वैमानिक मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी बांधलेला असतो. वर असताना त्याला रडार नियंत्रकाशी बोलावे लागते आणि खाली असलेल्यांसाठी विमानतळाच्या वारंवारतेवरही घोषणा करावी लागते. उडीपूर्वी दोन मिनिटे आणि पुन्हा उडीच्या वेळी घोषणा करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण शेजारच्या दोन-तीन विमानतळांची वारंवारता सारखीच असल्यास ती दुसऱ्याच्या बोलण्याखाली दडपली जाते. ऐकू आली तरी तिचा अर्थ लागेलच असे नाही. ‘जंपर्स अवे’ हे दोन शब्द ऐकून पुढची पाच-सहा मिनिटे धावपट्टीच्या वरचा व वाऱ्याच्या वरच्या अंगाचा भाग टाळायचा असतो, हे पाचव्या-सहाव्या तासाच्या शिकाऊ वैमानिकाला कोणी सांगितले नसेल तर उमगत नाही. अनेक प्रशिक्षण संस्थांत परदेशांतून आलेले विद्यार्थी असतात. त्यांची मातृभाषा इंग्रजी नसते, आणि पाठ्यपुस्तकातील शब्दावलीबाहेरचे वाक्य त्यांच्या कानावरून निसटते.

चौथे कारण प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमातच दडलेले आहे. एकट्याने दूरचा प्रवास करणारा विद्यार्थी मार्ग आखताना विमानतळांनाच टप्पे मानतो, आणि उपग्रह-दिशादर्शक यंत्रावर एका विमानतळाहून दुसऱ्यापर्यंत काढलेली सरळ रेषा थेट विमानतळाच्या डोक्यावरून जाते. उडी मारणारे विमानही तेथेच लोकांना सोडत असते. इंजिन बंद पडल्याचा सराव आणि व्यावसायिक परवान्यासाठी आवश्यक असलेली तीव्र सर्पिल उतरण हेही बऱ्याचदा धावपट्टीच्या वरच करतात; कारण काही बिघडलेच तर खाली उतरायला जागा असते. डोळ्यांवर आवरण घालून केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव चालू असताना बाहेर पाहण्याचे काम एकट्या प्रशिक्षकावर असते, आणि त्याचे अर्धे लक्ष विद्यार्थ्याच्या चुकांकडे असते.

वाऱ्याचा वाटा

उड्या विमानतळावरच होतात, म्हणून विमानतळाच्या नेमके वरचे आकाश टाळले की पुरे, हा समज अपुरा आहे. उडीचे विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, सरळ रेषेत जात लोकांना सोडते. दोन गटांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवावे लागते, अन्यथा पॅराशूट उघडताना ते एकमेकांवर आदळतील. ट्विन ऑटर रिकामे व्हायला मिनिटभर सहज लागते. जमिनीच्या सापेक्ष वेग ९० नॉट धरला तर तेवढ्या वेळात विमान पावणेतीन किलोमीटर पुढे गेलेले असते. वरच्या थरात वारा जोराचा असेल तर पहिली उडीच धावपट्टीपासून बरीच लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला होते, आणि पॅराशूटधारी तेथून वाऱ्याबरोबर परत येतात. नकाशावर चिन्ह धावपट्टीवर असते. माणसे मात्र दीड-दोन कोसांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतात, आणि वारा फिरला की पट्टाही फिरतो. म्हणून स्थानिक वैमानिक आधी वाऱ्याची दिशा पाहतात आणि मग उड्या चालू असताना वाऱ्याच्या खालच्या अंगाने विमानतळाजवळ येतात.

उडीच्या विमानाची परतीची उतरणही वेगळी असते. शेवटचा माणूस बाहेर पडताच वैमानिक नाक खाली घालून अतिशय जलद उतरतो. मिनिटाला हजारो फूट. इंधन वाचवणे आणि पुढचा गट लवकर वर नेणे हा त्यामागचा हेतू. पुष्कळदा विमान पॅराशूटधाऱ्यांच्या आधी जमिनीवर पोहोचते. सर्किटमध्ये ९० नॉटने रांगेत जाणाऱ्या शिकाऊ विमानाच्या मागून किंवा वरून दुप्पट वेगाचे विमान येते, तेव्हा क्रम कोणी सोडायचा यावरून कुरबूर होते. निव्वळ टक्करीच्या गणितात हा धोका पॅराशूटच्या धोक्याहून लहान नाही, जरी चर्चा बहुधा पॅराशूटचीच होते.

उल्लेखनीय अपघात

२१ नोव्हेंबर १९९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन येथे मुक्तपतनात असलेला एक स्कायडायव्हर एका पायपर विमानाच्या शेपटीवर आदळला. विमान अनियंत्रित होऊन कोसळले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. स्कायडायव्हरचे पॅराशूट उघडले. तो घोट्याच्या अस्थिभंगावर वाचला. या घटनेने एक सर्वसाधारण समज खोटा ठरवला. टक्कर झालीच तर उडी मारणारा मरेल आणि विमान सावरेल, असे तोवर गृहीत धरले जाई. छोट्या विमानाचे शेपूट तुटले तर ते सावरण्याचा कोणताही उपाय वैमानिकाच्या हाती उरत नाही, आणि विमानात बसलेल्यांकडे पॅराशूट नसते.

८ मार्च २०१४ रोजी फ्लोरिडातील मलबेरीजवळ साऊथ लेकलँड विमानतळावर एक ८७ वर्षांचे वैमानिक सेसना १७० विमानातून टच अँड गो करीत होते. त्याच वेळी पॅराशूटखाली जमिनीजवळ आलेल्या एका स्कायडायव्हरच्या दोऱ्यांत विमानाचा पंख अडकला. विमान नाकावर आदळले आणि स्कायडायव्हर फेकला गेला. दोघेही किरकोळ दुखापतींवर बचावले. जमिनीवरील एका छायाचित्रकाराने ही संपूर्ण घटना एकापाठोपाठच्या छायाचित्रांत टिपली होती, त्यामुळे ती जगभर पोहोचली. वैमानिक येथे अनुभवी होते, विद्यार्थी नव्हते; पण चाललेला सराव नेमका तोच होता जो प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत दिवसभर चालतो, आणि टक्कर झाली ती उड्डाणाच्या सर्वांत खालच्या, सर्वांत व्यग्र टप्प्यात.

२ नोव्हेंबर २०१३ रोजी विस्कॉन्सिनमधील सुपिरियर येथे झालेली टक्करही या संदर्भात पुष्कळदा उद्धृत केली जाते. परंतु ती दोन उडी-विमानांमधील होती. दोन्ही विमानांतील सर्व ११ जण वाचले. प्रशिक्षण विमानांशी तिचा संबंध नव्हता.

अमेरिकेतील नियम

अमेरिकेत पॅराशूट उड्यांचे नियमन संघीय विमान वाहतूक नियमावलीच्या भाग १०५ नुसार होते. हवाई वाहतुकीला किंवा जमिनीवरील व्यक्ती व मालमत्तेला धोका निर्माण होईल अशी उडी कोणी मारू नये आणि वैमानिकाने मारू देऊ नये, हे त्यातील मूळ सूत्र आहे. जबाबदारी दोघांवरही आहे, हे येथे लक्षात घ्यावे. अ, ब, क आणि ड वर्गांच्या हवाईक्षेत्रात उडी मारण्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. इ आणि ग वर्गांत परवानगी नव्हे, तर पूर्वसूचना लागते, आणि ती उडीच्या २४ तासांहून आधी नाही व एका तासाहून उशिरा नाही, अशा मुदतीत द्यावी लागते. उडीच्या किमान ५ मिनिटे आधी वैमानिकाने नियंत्रणाशी रेडिओसंपर्क साधून परिसरातील ज्ञात वाहतुकीची माहिती घ्यावी, असेही बंधन आहे. मनोरा नसलेल्या विमानतळावर उतरायचे असल्यास विमानतळ व्यवस्थापनाची आगाऊ संमती लागते. मात्र पूर्ण उघडलेल्या व नीट चालणाऱ्या पॅराशूटने, सर्किटच्या उंचीहून किमान २,००० फूट वर राहून, विमानतळावरून तरंगत जाण्यास अशी संमती लागत नाही.

ढगांपासूनचे अंतरही ठरलेले आहे. समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांखाली तीन मैलांची दृश्यता, ढगांच्या खाली ५०० फूट, वर १,००० फूट आणि बाजूला २,००० फूट. त्याहून वर पाच मैलांची दृश्यता, वर-खाली १,००० फूट आणि बाजूला एक मैल. हे अंतर साधारणतः दृश्य नियमांनी उडणाऱ्या विमानासाठीही असेच असते. ढगातून अचानक माणूस खाली येऊ नये, हा त्याचा हेतू. रात्रीच्या उडीत तीन मैलांवरून दिसेल असा दिवा सोबत ठेवावा लागतो.

या नियमांतील महत्त्वाची मर्यादा म्हणजे नकाशावर दाखवलेले उडीक्षेत्र हे निषिद्ध किंवा प्रतिबंधित क्षेत्र नसते. दृश्य उड्डाणाच्या नकाशावर छोट्या पॅराशूटचे चिन्ह छापलेले असते. विमानतळ-पुस्तिकेत त्याचे स्थान, त्रिज्या व कमाल उंची दिलेली असते. दैनंदिन सूचनाही काढल्या जातात. परंतु हे सारे माहितीपुरते आहे. कोणताही वैमानिक तेथून कायदेशीरपणे जाऊ शकतो. विमानांमध्ये कोणी कोणाला वाट द्यावी हे सांगणाऱ्या नियमांत फुगा, ग्लायडर, हवाईजहाज यांचा क्रम लावलेला आहे; पॅराशूटने उतरणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेख नाही, कारण तो विमान या व्याख्येत बसत नाही. व्यवहारात प्रत्येक समंजस वैमानिक त्याला वाट देतो, पण तो नियम नव्हे.

उड्या बंद करा किंवा शाळा हलवा, अशी मागणी स्थानिक पातळीवर वारंवार होते. संघीय अनुदान घेतलेल्या विमानतळाला मात्र तसा निर्णय स्वतःहून घेता येत नाही. स्कायडायव्हिंग हे वैमानिकी कार्य मानले जात असल्याने त्याला वाजवी अटींवर प्रवेश देणे बंधनकारक असते. सुरक्षेचे कारण पुढे करायचे असल्यास त्याचा अंतिम निवाडा संघीय प्रशासनाकडे जातो. त्यामुळे दोघांना एकमेकांसोबत नांदण्याची रीत शोधावी लागते.

ब्रिटनमधील स्थिती

ब्रिटनमध्ये प्रशिक्षणात शिकवली जाणारी ‘ओव्हरहेड जॉइन’ ही पद्धत या संदर्भात अडचणीची ठरते. अनोळखी विमानतळावर येताना वैमानिकाने धावपट्टीच्या वर सुमारे २,००० फुटांवर यावे, वाऱ्याची दिशा व चालू धावपट्टी पाहावी आणि मग सर्किटच्या उलट बाजूला उतरत सर्किटमध्ये शिरावे, असा तिचा क्रम आहे. सामान्य विमानतळावर ती उत्तम आहे. पॅराशूट केंद्र असलेल्या विमानतळावर ती वैमानिकाला थेट पॅराशूटांच्या मध्यात नेते. केंट परगण्यातील हेडकॉर्न येथे प्रशिक्षण आणि उड्या दोन्ही चालतात. तेथे ओव्हरहेड जॉइन निषिद्ध आहे. दुसऱ्या गावच्या शाळेतून सरावासाठी आलेला विद्यार्थी हे आधी वाचून आला नसेल, तर तो पुस्तकात लिहिलेले अचूक पाळूनही चुकतो.

ऑक्सफर्डजवळील वेस्टन-ऑन-द-ग्रीन हे शाही वायुदलाच्या पॅराशूट प्रशिक्षणाचे मैदान आहे, आणि जवळच किडलिंग्टन येथे वैमानिक प्रशिक्षणाचे जुने केंद्र आहे. वेस्टनच्या मैदानाभोवती अधिकृत धोकाक्षेत्र आखलेले असल्याने तेथील परिस्थिती अमेरिकन केंद्रांहून वेगळी आहे. सीमा नकाशावर ठळक असते आणि क्षेत्र चालू आहे की नाही ते रेडिओवर विचारता येते. ब्रिटनमध्ये निसटत्या प्रसंगांची छाननी एअरप्रॉक्स मंडळ करते. त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात, आणि प्रशिक्षक ते वर्गात वापरतात.

उपाययोजना

सर्वाधिक उपयोगी ठरलेला उपाय लेखी सामंजस्याचा आहे. प्रशिक्षण संस्था, स्कायडायव्हिंग केंद्र, विमानतळ व्यवस्थापन आणि जवळचे रडार केंद्र एकत्र बसून काही गोष्टी ठरवतात: सर्किट कोणत्या बाजूला, पॅराशूट उतरण्याची जागा धावपट्टीच्या कोणत्या अंगाला, उडीच्या विमानाने कोणत्या वाटेने उतरावे, घोषणा कोणत्या शब्दांत करावी. सर्किट एका बाजूला आणि उतरण्याची जागा दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि ठरावीक उंचीखाली धावपट्टी ओलांडण्यास पॅराशूटधाऱ्यांना मनाई केली, तर बहुतेक गाठी आपोआप टळतात. स्कायडायव्हिंग केंद्राने जमिनीवर रेडिओ घेऊन एक माणूस बसवणे हाही स्वस्त व परिणामकारक उपाय आहे; त्याला आकाशातील पॅराशूटे मोजता येतात आणि शेवटचे उतरल्याचे सांगता येते. ‘सर्व खाली’ ही घोषणा अनेक ठिकाणी होतच नाही, आणि मग शिकाऊ वैमानिक किती वेळ थांबायचे याचा अंदाज बांधत राहतो.

प्रशिक्षण संस्थांच्या बाजूने नकाशावरील पॅराशूट-चिन्हाभोवती वळसा घालून मार्ग आखणे, दूरच्या प्रवासात रडार केंद्राकडून वाहतूक-माहितीची सेवा घेणे आणि एकट्याने पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्याला एकदा उडीच्या विमानाची घोषणा प्रत्यक्ष ऐकवणे, एवढे पुरेसे असते. काही प्रशिक्षक विद्यार्थ्यांना जमिनीवर उभे करून एक पूर्ण फेरी पाहायला लावतात. विमानाचा ठिपका, मग काही न दिसणारे एक मिनिट, आणि मग एकाएकी उमलणारी पॅराशूटे. ते न दिसणारे मिनिट पाहिलेला विद्यार्थी घोषणा ऐकल्यावर वेगळा वागतो, असा त्यांचा अनुभव आहे.

भारत

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ नुसार आणीबाणीखेरीजची पॅराशूट-उतरण सक्षम प्राधिकाऱ्याने घालून दिलेल्या अटींवर आणि संबंधित हवाई वाहतूक सेवेच्या माहिती, सल्ला किंवा मंजुरीनुसारच करता येते. भारतात पॅराशूट उड्यांची परंपरा मुख्यतः सैनिकी आहे. आग्रा येथे पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल असून त्याच्या उड्या मालपुरा मैदानावर होतात. नागरी स्कायडायव्हिंग हरियाणातील नारनौलजवळ चालते. मध्य प्रदेशात उज्जैनजवळील दताना धावपट्टीवर पर्यटन विभागाच्या पुढाकाराने हंगामी उड्या झाल्या आहेत. सागरजवळील ढाना येथील धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षण संस्था असून तेथे स्कायडायव्हिंगची शिबिरेही भरली आहेत.

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर आणि जळगाव ही वैमानिक प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. स्कायडायव्हिंगशी मराठी वाचकाचा परिचय प्रामुख्याने पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे झाला. त्यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी नऊवारी साडी नेसून थायलंडमध्ये घेतलेली उडी बरीच गाजली.